लिफ्ट बंद होती तेव्हा

"झाले! दोन ढीग झाले!" घाईबाई खुर्चीवरून उडालीच.

प्रयोगशाळेत तिला सगळे याच नावाने हाक मारत, आणि ते तिने स्वतःच्या गुणांनी कमावलं होतं. पडद्यावर तीनशे बारा ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक रुग्ण. प्रत्येकाच्या रक्तातली वीस हजार जनुकं, त्यातलं कुठलं जागं आणि कुठलं झोपलेलं, हे संगणकाने ताडून पाहिलं होतं आणि सारख्याला सारखा जवळ बसवला होता. डावीकडे निळे, उजवीकडे लाल. मधे मोकळं मैदान.

"एकच आजार समजत होतो काकू, निघाले दोन! लाल गटाचा जास्त चिवट दिसतोय, त्यांना जालीम औषधच द्यावं लागणार." फोन तिच्या हातात होता. उद्या कुणाला कुठलं औषध, हे डॉक्टर तिच्या यादीवरून ठरवणार होते.

रुग्णांच्या रक्ताच्या सगळ्या नळ्या वॉर्डातून काकूच वर आणायच्या. चष्मा पुसत त्या पडद्याजवळ आल्या आणि लाल ठिपक्यांचे नंबर वाचू लागल्या.

"एकशे चाळीस ते दोनशे दहा. सगळे सलग कसे गं?"

"म्हणजे?"

"तेव्हा लिफ्ट बंद होती. तीन आठवडे. माझ्या गुडघ्यांना पाठ आहेत ते दिवस. नळ्या दुपारपर्यंत खाली वॉर्डात पडून असायच्या, मग सगळ्या एकदम सहा मजले चढवून आणायचे मी. रक्त बिचारं कासावीस झालं असणार. हे दोन आजार नाहीत, बाई. लिफ्ट चालू आणि लिफ्ट बंद, एवढंच आहे."

घाईबाईचा चेहरा खर्रकन उतरला. एकाहत्तर माणसांना जालीम औषध, तेही लिफ्टपायी! तिने डॉक्टरांना फोन लावला. "यादी देत नाही. चुकलं माझं." मग लिफ्ट बंद असलेल्या दिवसांमुळे पडलेला फरक वजा करून तिने सगळं पुन्हा चालवलं.

दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले. मैदान भरून गेलं. तिला रडू फुटणार, तेवढ्यात तिचं लक्ष वरच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे नऊ ठिपके बाजूला होऊन बसले होते.

"काकू! हे नऊ जागचे हलत नाहीत!"

"लिफ्टचे किती, जिन्याचे किती?"

तिने मोजले. "पाच... आणि चार!"

आता काकूंचाही आवाज चढला. "मग हा लिफ्टचा खेळ नाही! बघतेस काय? नऊही जणांचं ताजं रक्त घ्यायला सांग. एकाच वेळी."

घाईबाईने पुन्हा फोन लावला. "डॉक्टर, मीच. जालीम औषध खरंच लागेल अशी नऊ माणसं सापडली आहेत बहुतेक. खात्री करायला रक्त हवंय, आत्ता!"

फोन ठेवून तिने वळून पाहिलं, तर काकू नळ्यांचा डबा घेऊन जिन्यापाशी पोचल्या होत्या.

"अहो, लिफ्ट चालू आहे!"

"वाट कोण बघत बसतंय तिची!"

"आणि गुडघे?"

"त्यांना सांगू नकोस," काकू म्हणाल्या आणि उतरू लागल्या.