आजीचं इटालियन

"आई, तू बोलूच नकोस. लिओ चुकीचं शिकेल," मिलानहून व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला.

शालनताईंचा पारा चढला. पासष्टाव्या वर्षी क्लास लावून त्यांनी क्रियापदांचे काळ, शब्दयोगी अव्ययं, आर्टिकलं घोकली होती. का? तर सख्ख्या नातवाला मराठीचा एक शब्द शिकवायला या बापाला फुरसत नव्हती! 'आजीनं लिओसाठी लाडू केलेत' हे साधं वाक्य त्यांनी आत्ता इटालियनमध्ये म्हटलं. काळ चुकला, आर्टिकल राहिलं, नावाआधीचं 'साठी' मराठी सवयीनं नावानंतर आलं. लिओ मात्र लाडवासाठी स्क्रीनपुढे हात पसरून बसला होता.

"त्याला कळलं ना?"

"कळलं गं, पण व्याकरण..."

"'मला भूक लागला' म्हणायचास तू! तेव्हा व्याकरण सुधारेपर्यंत उपाशी ठेवलं होतं का मी तुला?"