एकतिसावे पान

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर विभागप्रमुख डॉ. वृंदांना संशयाला जागा उरली नाही. डावीकडे पहिल्या वर्षाच्या क्षिप्राची उत्तरपत्रिका होती, उजवीकडे हरीश मोहोळकर सरांची तपकिरी कव्हराची जुनी वही. आकडे चढत्या क्रमाने लावण्याचा प्रोग्रॅम दोन्हीकडे होता. वहीतली भाषा चाळीस वर्षांपूर्वीची, तरी रीत तीच, शेवटच्या आकड्यापासून मागे येणारी. एका फेरीत काहीच हलले नाही, तर काम थांबवणारी खूणही तीच. त्या खुणेचे नावही दोघांनी एकच ठेवले होते: कडी.

"सर, ये आपके अलावा और कौन लिखता है?" वृंदांनी विचारले.

मोहोळकरांनी वही मिटली.

नोएडातल्या त्या खासगी महाविद्यालयात ते तेवीस वर्षे पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवत होते. मयूर विहारहून सकाळची मेट्रो, एकेका वर्गात सव्वाशे मुले, आणि दर वर्षी त्याच चुका. कोणी ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरे, तर कोणाचा प्रोग्रॅम एकदा फिरू लागला की थांबतच नसे. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि गुडघ्यांना ते आधीच कळले होते.

वर्गात ते पुस्तकातली सोपी रीत शिकवत. वही कपाटात कुलूपबंद असे. तिच्यातली उदाहरणे घेऊन ते पेपर काढत. गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले, तेव्हा त्यांच्याऐवजी पेपर काढायला तरुण सहकारी अंशुमनने कपाट उघडले आणि ती प्रथम पाहिली. सर, प्रोग्रॅममध्ये कढी कुठून आली, भात कुठे आहे, असे म्हणून तो आठवडाभर हसला होता. अक्षर मात्र फार सुंदर होते तुमचे, आता असे का राहिले नाही, असेही त्याने विचारले. तेव्हा वेळ होता, एवढेच मोहोळकर म्हणाले. या वेळी पेपर तपासताना अंशुमनलाच 'कडी' पुन्हा भेटली, आणि तो थेट वृंदांकडे गेला.

आरोप साधा होता. मुलीने कपाट उघडून वही पाहिली, म्हणजे पेपर फुटला. सिद्ध झाले तर तिचे वर्ष रद्द होणार होते.

मोहोळकरांनी तिला रिकाम्या प्रयोगशाळेत बोलावले. दिल्लीकडे वाढलेल्या मुलांपेक्षा तिचे मराठी स्वच्छ होते.

"सर, मी वही पाहिलेली नाही. मला हे आत्याने शिकवलं."

"आत्या काय करते?"

"पानिपतला गालिच्यांच्या कारखान्यात होती. मागावर नक्षी उठवायला पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात ना, ते काम. कुठे भोक, कुठे नाही, यावर सगळी नक्षी. मला चौकटीच्या वहीत शिकवायची." तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "माझं वर्ष जाईल का, सर? बाबा म्हणतात, गेलं तर पुन्हा फी भरणार नाहीत."

मोहोळकर म्हणाले, पाहू. आत्याचे नाव त्यांनी विचारले नाही.

त्याच दुपारी ते वृंदांकडे गेले. त्या एका प्रश्नाला शून्य द्यावे, मुलीला समज द्यावी, प्रकरण तिथेच मिटवावे आणि घरच्यांना बोलावू नये, असे त्यांनी सुचवले. वृंदांना नवल वाटले. शिस्तीच्या बाबतीत मोहोळकरांची ख्याती होती. प्रयोगवही उशिरा देणाऱ्याला ते दर वर्षी एकच हकिकत सांगत: आमच्या पॉलिटेक्निकात अकरा वाजता जर्नल घेण्याची खिडकी बंद होत असे. वर्गात पहिला नंबर काढणाऱ्याचीच जर्नल एकदा आली नाही. जर्नल नाही म्हणून परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणून शिक्षण तिथेच संपले. एवढ्यावर पुढची सगळी बाके चूप होत.

"आप थक गए हैं, सर," वृंदा शेवटी म्हणाल्या. पालकांचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही, असा नियम त्यांनी दाखवला. मोहोळकरांनी वाद घातला नाही. थकलो आहे, हे त्यांनी मान्य केले.

शुक्रवारी वडिलांऐवजी आत्याच आली. साठीला टेकलेली, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, हातात कापडी पिशवी. कागदावर तिने नाव लिहिले: कुमुदिनी. अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेले होते. मोहोळकर कोपऱ्यातल्या खुर्चीवर चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले.

वृंदांनी सगळा आरोप हिंदीत वाचून दाखवला. कुमुदिनीने शांतपणे ऐकला. टेबलावरच्या वहीकडे तिने बराच वेळ पाहिले, हात मात्र लावला नाही. ही रीत मीच शिकवली, ती म्हणाली, कारखान्यात जाण्याच्याही आधीपासून मला येते.

याला पुरावा काय, असे वृंदांनी विचारले.

"इकतीस नंबर का पन्ना खोलिए," कुमुदिनी म्हणाली. "नीचे से फटा होगा. लाल धागे के दो टाँके होंगे."

वृंदांनी पाने मोजत उलटली. नाव लिहिलेले पहिले पान वेगळ्या कागदाचे होते आणि डिंकाने चिकटवलेले होते, हे त्यांना आजच दिसले. एकतिसावे पान आले. खालची फाट जपून शिवलेली होती. दोन टाके, विटून गुलाबी झालेले.

क्षिप्राने आत्याकडे पाहिले. वृंदांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिले.

कुमुदिनीने पिशवीचे बंद एकत्र केले. मग ती इतक्या वेळात पहिल्यांदाच मराठीत बोलली, आवाज न चढवता.

"हरीश, त्या दिवशी मी खिडकीपाशी अकरापर्यंत तुझी वाट पाहिली."