आईचा ड्रेस

“आईचा एक ड्रेस पाहिजे,” तो पोरगा म्हणाला.

गंगुबाईनं चष्म्यातून बघितलं. “कुणाची आई? राजाची, कोळ्याची, की कृष्णाची?”

“माझी.”

लालबागच्या त्या गाळ्यात दुपारी पंखा फिरला की टांगलेले राजे, पऱ्या, पोलीस आणि वासुदेव खांद्याला खांदा लावून हळूहळू डुलायचे. रस्त्यावरचा गलका आत येईपर्यंत मऊ होऊन जायचा. सकाळी गल्ल्यावर सून सुचित्रा बसायची, दुपारी गंगुबाई. नाटकवाले, शाळावाले, गणपतीत देखावे करणारे, सगळे इथूनच भाड्यानं न्यायचे. जे अंगावर चढतं आणि परत येतं ते गंगुबाईच्या लेखी ड्रेस. धोतर ड्रेस, शालू ड्रेस, माकडाची शेपटीसुद्धा ड्रेस. नात आकांक्षा एकदा म्हणाली होती, “आजी, इंग्लिशमध्ये ड्रेस म्हणजे फ्रॉक गं.” “इंग्रज गेले, शब्द माझ्याकडे राहिला,” असं म्हणून गंगुबाईनं तिला शेपटी शिवायला बसवलं होतं.

पोराचं नाव जगदीश. लोअर परळला ऑफिसात कामाला. प्रिती नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. उद्या दादरला भेट ठरली होती. मुलीच्या आईचं म्हणणं एकच, मुलाच्या आईला बघितल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही.

“मग ने की आईला.”

“मी चौथीत असताना गेली ती.” जगदीश पऱ्यांकडे बघत राहिला. “प्रितीला सांगितलंय, आहे म्हणून. पहिल्याच दिवशी तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना.”

“आणि माझा ड्रेस घालणार कोण?”

“शेजारच्या शांतामावशी येणार होत्या. पण आज सकाळी त्यांचा धीर सुटला. म्हटलं ड्रेस तर बघून ठेवू, माणूस मिळेल कुणीतरी.”

“म्हणजे ड्रेस पाहिजे, आणि आत आईच नाही. मेल्या, लग्न जमवायला हँगर घेऊन जाणार काय?”

तो हसला नाही. “प्रिती गेली तर मला कुणी नाही, मावशी.”

गंगुबाई उठली. कपाटातून अंजिरी नऊवारी काढून तिनं अंगाला लावून धरली आणि आरशात बघितलं. आजवर कितीतरी राजमाता तिनं नटवून पाठवल्या होत्या. एकीलाही धड चालता आलं नव्हतं.

“शांतेला जमलंच नसतं,” ती म्हणाली. “लुगडं दिसलं असतं, आई दिसली नसती. उद्या मीच येते.”

“तुम्ही?”

“का? माझ्यात काय कमी आहे? आणि लग्न झाल्यावर काय सांगशील?”

“आई गावी गेली म्हणून.”

“पुढं?”

जगदीश टांगलेल्या वासुदेवाची टोपी सरळ करू लागला.

“मारून टाकशील मला. निदान तेराव्याला गोड कर हो.”

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं निघताना तिनं चष्मा मुद्दाम घरी ठेवला. राजमाता चष्मा लावत नाहीत. त्यामुळे सगळा रस्ता पाण्याखालून बघावा तसा दिसत होता, दुकानांच्या पाट्या विरघळत मागे जात होत्या.

“लहानपणी तुला काय आवडायचं रे?”

“आठवत नाही.”

“शेवयांची खीर,” तिनं ठरवून टाकलं. परळ येईपर्यंत तिनं त्याला गोवर काढला, जत्रेत हरवला, शोधून आणला आणि चार थोबाडीत दिल्या. जगदीश ऐकत होता. दादर जवळ आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, “आणि मग गं?”

माडीवरच्या उपाहारगृहात प्रिती आणि तिची आई आधीच येऊन बसल्या होत्या. आई हिरव्या शालूत, ताठ.

“घरी रंगकाम काढलंय,” प्रिती म्हणाली, “म्हणून इथं बोलावलं.”

“बरं केलंत. माझी खोली तरी कुठं बघण्यासारखी आहे!”

विहीण जेवढ्यास तेवढं बोलायची, आणि बोलण्याआधी लेकीकडे बघायची. लेकीच्या मुठीतली आहे, गंगुबाईनं ताडलं. सासरी त्रास नाही.

“मुलगा लहानपणी कसा होता?” विहिणीनं विचारलं.

गंगुबाईनं गोवर सांगितला. रात्रभर मांडीवर घेऊन बसले, कडुलिंबाचा पाला फिरवत होते, म्हणाली. सांगता सांगता मांडीवर खरंच ऊन ऊन ओझं आलं. जगदीशनं डोळे पुसले. प्रिती तर गंगुबाईकडे अशी बघत होती, जशी पोरं दुकानाबाहेर उभी राहून परीचे पंख बघतात.

“आणि तुमची?” गंगुबाईनं विचारलं.

विहिणीनं लेकीकडे बघितलं. लेक चमच्याशी खेळत होती.

“शहाणी होती,” विहीण म्हणाली. “फार शहाणी.”

खालून फुलवाल्यांच्या आरोळ्या कुठल्या तरी लांबच्या गावातून आल्यासारख्या येत होत्या.

“मुलगी पसंत आहे मला,” गंगुबाई म्हणाली. जगदीशचा श्वास तिला शेजारी ऐकू आला.

“आम्हालाही मुलगा पसंत,” विहीण घाईनं म्हणाली.

साजूक तुपातला शिरा आला. पोरं दोघींच्या पाया पडली. प्रिती गंगुबाईच्या पायांवर जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग गंगुबाईनं विहिणीला मिठी मारली, तसा विहिणीचा पदर घसरला आणि शिऱ्याच्या बशीकडे निघाला. गंगुबाईनं तो वरच्या वर झेलला. आतल्या बाजूनं काठाला रफू होता. त्यावर तिचा अंगठा फिरला, थांबला, परत फिरला.

पोरं एकमेकांना शिरा भरवत होती.

“विहीणबाई, तुपापासून जपा,” गंगुबाई तिच्या कानाशी पुटपुटली. “ह्या ड्रेसला डाग पडला तर माझी सून डिपॉझिट परत देत नाही.”