शेवटच्या नोंदीपर्यंत

काम सहाव्या तासाला पुन्हा बंद पडलं, तेव्हा अपूर्वाने ठरवलं की आता मूळ प्रोग्रामच उघडून बघायचा.

सी-स्कीम भागातल्या त्या सरकारी संगणक केंद्रात रुजू होऊन तिला दोनच महिने झाले होते. काम ऐकायला सोपं होतं. मेनफ्रेमवर, म्हणजे केंद्रातल्या मोठ्या संगणकावर, दोन मोठ्या फाइली होत्या. एकीत बेपत्ता माणसांच्या नोंदी. दुसरीत सापडलेल्या, पण ओळख न पटलेल्या माणसांच्या. त्यांत बेवारस मृतदेह होते, तसे डोक्याला मार लागून स्वतःचं नाव विसरलेले रुग्णही होते. प्रोग्राम दोन्ही फाइली पहिल्या नोंदीपासून ओळीने वाचायचा आणि वय, उंची, अंगावरच्या खुणा जुळल्या की जोडी छापायचा.

त्याला आठवड्यातून एकदा सहा तास मिळत. तेवढ्यात फक्त जुन्या नोंदी वाचून होत. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गेल्या सात वर्षांत हरवलेल्यांपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता.

"लोग राह देख रहे हैं, मॅडम," केंद्राचे प्रमुख शेखावत साहेब तिला म्हणाले होते.

प्रोग्राम उघडल्यावर कारण लगेच कळलं. तो एका खेपेला एकच नोंद उचलत होता. विटांचा ट्रक रिकामा करताना एकेक वीट घेऊन जिना चढावा, तसं. अपूर्वाने ब्लॉक मोठे केले, म्हणजे एका खेपेत शेकडो नोंदी येतील. बफर वाढवले, म्हणजे हातातला गठ्ठा वाचून होईतो पुढचा तयार असेल.

मग तिला चार ओळी दिसल्या. प्रत्येक नोंद वाचून झाली की प्रोग्राम काहीही न करता क्षणभर नुसता थांबत होता. ओळींवर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि आद्याक्षरं: पी. एन.

"प्रल्हाद निमकर," शेखावत साहेब म्हणाले. "यह प्रोग्राम उन्हीं का लिखा है. आपके महाराष्ट्र के ही हैं. चार साल हुए रिटायर होकर. तीस साल में एक रिकॉर्ड नहीं मिटाया उन्होंने. किसी ने कहा तब भी नहीं."

एखाद्या जुन्या यंत्राच्या चालीशी जुळवून घ्यायला घातल्या असतील, असं समजून अपूर्वाने त्या चार ओळी काढून टाकल्या.

शनिवारी दुपारी काम चाळीस मिनिटांत संपलं. शेवटच्या नोंदीपर्यंत. दोनशे बारा जोड्या छापून आल्या. शेखावत साहेबांनी पेढे मागवले. अपूर्वा पानं उलटत होती, ती मध्येच थांबली.

बेपत्ता: गौरांग प्रल्हाद निमकर, वय चोवीस. जोडी: बेवारस मृतदेह, चाकसू गावाजवळ, रस्त्यावरचा अपघात. उंची तीच. डाव्या खांद्यावरची जन्मखूण तीच.

पेढा तिच्या हातातच राहिला. ज्या माणसाने हा प्रोग्राम लिहिला, त्याचाच मुलगा त्याच फाइलीत सात वर्षं पडून होता, आणि प्रोग्राम त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. सोमवारी ही यादी पोलीस ठाण्यांना जाणार होती. कुणा शिपायाने दारात उभं राहून ही बातमी सांगावी, हे तिला पटेना.

रविवारी सकाळी ती सिव्हिल लाइन्सच्या मागच्या गल्लीत निमकरांचं घर शोधत गेली. दार निमकरांच्या पत्नीने, मालनकाकूंनी उघडलं. अपूर्वाने मराठीत ओळख सांगितली, तसा त्यांचा चेहरा खुलला.

"ये गं, बस. अहो, तुमच्या ऑफिसातली पोर आलीय."

निमकर बाहेर आले. उंच, सडपातळ, सावकाश बोलणारे. अपूर्वाने वाक्य मनात दहादा घोकलं होतं. ती बोलणार, तेवढ्यात आतून एक तरुण पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिशीचा असेल. कपाळावरून केसांत शिरलेला जुना व्रण.

"आई, मी चाय ठेवतो. दीदी, तुम्ही शक्कर घेणार ना?"

"आमचा गौरांग," मालनकाकू म्हणाल्या. "मराठी अशीच आहे त्याची. मतलब, हिंदीच जास्त."

अपूर्वाला एकदम हलकं वाटलं. इतकं, की ती हसलीच. तो आत गेल्यावर तिने पर्समधला कागद काढला आणि सगळं सांगून टाकलं. जोडी चुकली होती. मुलगा घरी आला, पण त्याची नोंद फाइलीत तशीच राहिली असणार.

"राहून गेलं," निमकर म्हणाले. त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग नीट घडी घालून तिला परत दिला.

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं. तुमच्या त्या चार ओळी काढल्या, काका. चालेल ना?"

"शेवटपर्यंत गेला?"

"शेवटच्या नोंदीपर्यंत. आता रोज चालेल."

निमकर खिडकीबाहेर बघत राहिले. "आणि यादी?"

"उद्या ठाण्यांना जाईल. दोनशे बारा घरांत कळेल, काका. एक आई तर गेली सहा वर्षं दर महिन्याला चौकशीला येते म्हणे."

चहा आला, तो निमकरांपुढे तसाच निवला. चहात साखर जास्त होती. अपूर्वाने तो आवडीने संपवला.

ती निघाली, तेव्हा काका उठले नाहीत. मालनकाकू फाटकापर्यंत आल्या. आत तो तरुण काहीतरी गुणगुणत कप विसळत होता. काकूंनी एकदा मागे वळून पाहिलं. फाटकाची कडी त्यांनी हातात घट्ट धरून ठेवली होती.

"तुझी जोडी चुकलेली नाही गं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आमचा गौरांग गेला, ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. हा आम्हाला नंतर इस्पितळात भेटला, स्वतःचं नाव विसरलेला. तू फक्त एवढं सांग, त्या यादीत ह्याचं नाव काय आलंय?"