‘नको’चं कार्ड

लेकीला बोलता येत नाही, म्हणून मी घरीच चित्रांची कार्डं केली. पाणी, भूक, शी, झोका, घरच्यांचे फोटो. सगळी वेलक्रोनं वहीत चिकटवली. ‘नको’चं कार्ड मात्र महिन्याभरातच काढून कपाटावर टाकलं. ते हाती आल्यापासून बाईसाहेब दात घासायलाही ‘नको’ म्हणायच्या.

खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला आणि ती रोजच्यासारखी किंचाळायला लागली.

“हे बघ, व्हॅनच्या नव्या काकांचंही कार्ड केलंय. आता रडायचं नाही हं.”

तिनं वही ओढली आणि ‘नको’च्या रिकाम्या जागेवर नखं घासू लागली. गेले दोन आठवडे हाच चाळा.

दुसरा हॉर्न.

“घे बाई, घे एकदाचं!” मी वैतागून कपाटावरचं ‘नको’ काढून तिच्या हातात कोंबलं.

ती एकदम गप्प झाली. नव्या काकांच्या फोटोवर तिनं ते कार्ड ठेवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं.

तिसरा हॉर्न वाजला. नवे काका व्हॅनवर येऊन किती दिवस झाले, ते मी मनात मोजलं. दोन आठवडे.

मी दाराला आतून कडी घातली.