बारशाची कुंची
आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लहान मुलांचे जुने कपडे, खेळणी तपासून गरजूंना द्यायचं काम सूनबाई बघते. नियम भारी कडक. टेडीचा डोळा जरा सैल दिसला, की टेडी बाद. आज मी लेकाच्या बारशाची कुंची नेली. दोघांच्या लग्नाला एवढी वर्षं झाली. आता वाट बघत कपाटात ठेवायची कशाला? तिने ती उलटसुलट करून बघितली. “आई, गळ्याशी नाड्या आहेत. बाळाला फास बसू शकतो. नाही चालणार.” माझं टाळकंच सटकलं. “तुझ्या नवऱ्याला बसला का गं फास?” टेबलावरची कात्री उचलून मी दोन्ही नाड्या कापल्या. “घे, दे आता कुणालाही!” तिने घडी घालून कुंची हळूच स्वतःच्या पर्समध्ये सरकवली. मी कात्री टेबलावर ठेवली. “कितवा महिना?” “तिसरा. आणि नियम आपल्या बाळालाही तोच, आई.”