हद्दीबाहेरची खुर्ची

"दांडा धरा जरा तिकडून," नाकेदार म्हणाला.

बाईंनी खुर्ची सोडली आणि दांड्याचं पलीकडचं टोक उचललं. पाय मात्र रेघेच्या बाहेरच. दोघांनी मिळून तो लाल-पांढरा दांडा खुंटांवर बसवला आणि साम्राज्याची नवी सरहद्द एकदाची जागेवर आली.

"जरा वाकडा बसलाय," बाई म्हणाल्या.

"असू दे. कायम थोडाच राहणार आहे?" बोलून गेल्यावर नाकेदाराने जीभ चावली. सरकारी माणसाने असं बोलायचं नसतं.

दांडा हलवण्याची त्याला आता सवयच झाली होती. पहिल्या तहात बंदर गेलं, दुसऱ्यात खाणी, तिसऱ्यात नदीपलीकडचा सगळा मुलूख. चौथ्यात नदीही गेली. दर तहानंतर राजधानीत तोफा उडत आणि सन्मान राखल्याबद्दल दरबारी मंडळी एकमेकांची पाठ थोपटत. नाकेदार मुकाट्याने दांडा हातगाडीवर टाकून मागे येई. पाहतो तो बाई आधीच हजर! दांडा कुठे रोवायचा हे त्याला कळण्याआधी त्यांची वेताची खुर्ची नेमक्या जागी, रेघेच्या बाहेर, मांडलेली असे.

"तुम्हाला बरं कळतं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"भूगोल शिकवलाय मी," बाई म्हणाल्या होत्या.

खरंच शिकवायच्या, राजधानीतल्या शाळेत. तीस वर्षांपूर्वी एके दिवशी फळ्यावर साम्राज्याचा नकाशा काढताना, आपण नुसता बळकावलेला मुलूख त्यांनी सरळ गाळला. उरलं ते तळहाताएवढं. नेमके त्याच दिवशी दरबारचे तपासणी अधिकारी वर्गात टपकले. मग काय विचारता! बाई हद्दपार झाल्या, शाळेला टाळं लागलं, आणि फळा पुसायला नकार देणाऱ्या एका पोरीच्या घरच्यांनाही गाशा गुंडाळावा लागला. बाईंच्या बाबतीत हुकूम साधा होता. हद्दीत पाऊल पडलं की गोळी. ती घालायची नाकेदाराने.

तशी वेळ बाईंनी कधी आणली नव्हती. एकदा त्यांची चप्पल निसटून आत आली, तर नाकेदाराने ती काठीने बाहेर ढकलली. "चपलेच्या नावाने हुकूम नाही," तो म्हणाला. बाई पोट धरून हसल्या होत्या.

या खेपेला हसण्यासारखं काही नव्हतं. पाचव्या तहाने सरहद्द थेट राजधानीच्या वेशीशी आणून ठेवली होती. दांड्याच्या आत एक गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला निळी खिडकी. त्या खिडकीमागे बाईंची आई अंथरुणाला खिळली होती.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"सकाळी जाऊन आलो. विचारत होत्या, आली का म्हणून. मी म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी आलीय." नाकेदाराने आवाज उतरवला. "डॉक्टरांनी हात टेकलेत, बाई."

बाईंनी खुर्ची दांड्याला लागून सरकवली.

"मी आता जेवायला जाईन. तुम्ही जाऊन या. डोळ्यांवर कातडं ओढायला मला काही कष्ट पडत नाहीत."

"चोरून? माझ्याच घरी?"

"मग दरबारच्या त्या माफीच्या कागदावर सही करा ना! 'नकाशा चुकला' एवढं म्हटलंत की आत."

"चुकला नव्हता."

"अहो, आई आहे ती!"

"भूगोल तिनेच शिकवला मला."

नाकेदाराने कपाळावर हात मारला. दरबारही तसाच हट्टी. मुलूख सोडणं त्याला जमत होतं, सहीशिवाय माफी देणं जमत नव्हतं. तशी माफी दिली तर तो फळा खरा ठरला असता.

आता एकच आशा होती. वाटाघाटीत पलीकडच्या बाजूने एक मोजणी अधिकारी बसते म्हणे. अवाक्षर बोलत नाही. शेवटी पेन्सिल घेते, नकाशावर रेघ ओढते, आणि आपल्या वकिलांची बोबडी वळते. दरबारात तिला रेघवाली म्हणत. हद्द कायम करायला ती आज स्वतः नाक्यावर येणार होती. गल्लीच्या अलीकडून की पलीकडून, एवढंच ठरायचं होतं. आपलं सरकार आणखी एक गल्ली हरावं, असं नाकेदाराला मनापासून वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

उन्हं कलली तशी मोटार आली. केस पांढरे व्हायला लागलेली, कानावर पेन्सिल खोचलेली एक स्त्री उतरली. नाकेदाराने सलाम ठोकला आणि मनाचा हिय्या केला.

"साहेब, ही गल्ली घेऊन टाका."

तिने त्याच्या टोपीवरच्या साम्राज्याच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "तुम्ही दरबारचे नोकर ना?"

"आहे. उद्या काढतील नोकरीवरून. तुम्ही घेऊन टाका."

रेघवाली किंचित हसली. मग त्याला ओलांडून ती वेताच्या खुर्चीपाशी गेली आणि वर्गात उभं राहतात तशी, हात मागे घेऊन, उभी राहिली.

"बाई, आजवर फळ्यावर होती तशीच रेघ ओढत आले," ती म्हणाली. "आज एक गल्ली जास्त घेते. तुमचं घर येईल."

बाई निळ्या खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आवाज मात्र वर्गातलाच होता.

"फळ्यावर ते घर आत होतं," त्या म्हणाल्या. "आतच राहू दे."